आग्रहाच्या बट्ट्या

आबा, माझं वजन आता एक्क्याण्णव किलो आहे. आज सकाळी काट्यावरचा आकडा आधी मी वाचला, मग दवाखान्यातल्या वेलनेस कोच मुलीने वाकून पाहिला आणि माझ्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिला, तेव्हा ही बातमी पक्की समजा. आठ महिन्यांपूर्वी अठ्ठ्याण्णव होतं. तुम्ही गेलात त्या वर्षी किती होतं ते ठाऊक नाही, कारण आपल्या घरात काटा होता तो कापूस मोजायचा. सुट्टीत मी आले की तुम्ही मला एकदा वरपासून खालपर्यंत बघायचात आणि म्हणायचात, 'तब्येत चांगली शे.' ते ऐकलं की घरी पोचल्यासारखं वाटायचं.

सुरुवात गुडघ्यांपासून झाली. जळगावच्या आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत संपादकीय विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. एकतीस वर्षं मी तो जिना चढते आहे. गेल्या वर्षी मधल्या वळणावर थांबायला लागले, मग कठडा दोन्ही हातांनी धरायला लागले, मग एकदा वर गेले की घरी जायची वेळ होईपर्यंत खाली उतरेनाशी झाले. आमचे व्यवस्थापक भले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, 'ताई, खाली छोट्या जाहिरातींच्या काउंटरला टेबल देतो. पगार तोच राहील.' बातम्या तपासत आयुष्य गेलं आणि नोकरीची शेवटची चार वर्षं मी 'भाड्याने देणे आहे'चे शब्द मोजत बसायचं. मी त्यांच्याकडे यंदाच्या दिवाळीपर्यंत मुदत मागितली. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरून सांगितलं, गुडघा झिजलाय पण संपलेला नाही, पंच्याऐंशीच्या खाली या, मग ऑपरेशन लागतं की नाही ते बघू. लठ्ठपणा हा आजार आहे आणि आजारावर उपचार करायचा असतो, हे त्यांनी सर्दीबद्दल बोलावं इतक्या साध्या आवाजात सांगितलं. मला लाज वाटायलाही वेळ मिळाला नाही.

त्यांच्याच दवाखान्यात ही कोच मुलगी बसते. सावद्याची, केळीवाल्यांच्या घरातली, माझ्या निम्म्या वयाची. पहिल्या दिवशी तिने मला शंभर पानी वही दिली आणि तोंडात जाईल ते सगळं लिहायला सांगितलं. जेवणाच्या वेळा ठरवून दिल्या. रात्री अंक छपाईला जाईपर्यंतचा वेळ फरसाणाच्या पुडीवर काढायची माझी जुनी सवय तिला पाच मिनिटांत कळली. सकाळी मेहरूण तलावावर चालायचं, गुडघा दुखला तर बाकावर बसायचं, पण तेवढ्यावर घरी परतायचं नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं. पहिल्या दिवशी मी तीनदा उठले आणि तिला दहा सांगितले. आता खरोखरीच पंधरा वेळा उठते. मग तिने मला रोजच्या ताटाचा फोटो पाठवायला सांगितलं. ताट तेच, धुळ्याला कॉलेजात घातलंत तेव्हा तुम्ही घेऊन दिलेलं. दुकानाबाहेर बसलेल्या माणसाकडून त्यावर माझं नाव कोरून घेतलं होतंत. 'होस्टेलवर ल्हान ताटली देतस, पोट भरस नही,' म्हणाला होतात. कोचने फोटो पाहिला आणि विचारलं, 'ताई, हे ताट आहे का परात?' आता मी जेवते ती छोट्या ताटलीत. तुमच्या ताटात मेथी निवडते.

इतकं करूनही सहाव्या आठवड्यात वजन एक किलोने वाढलं. तिने वही उघडून शनिवारच्या पानावर बोट ठेवलं. मी धरणगावला लग्नाला गेले होते, वरण-बट्टीचं जेवण होतं.

'बट्ट्या दोन. दोनच खाल्ल्या?'

'मी दोनच घेतल्या.'

'आणि?'

'आणि आग्रहाच्या.'

'त्या किती?'

'त्या कशा मोजणार? आग्रहाच्या होत्या.'

तिने पेन खाली ठेवलं. 'ताई, त्या कोणाच्या पोटात गेल्या?'

थट्टा नव्हती आबा, मला खरंच तसं वाटत होतं. आपण मागून घेतलं ते खाणं, आणि वाढणाऱ्याने वाढलं तो त्याचा मान. तो आपल्या खात्यात कशाला धरायचा? तिने मागची पानं चाळली. ऑफिसातला वाढदिवसाचा केक नव्हता, शेजारणीचा शिरा नव्हता, धुळ्याहून निघताना वहिनीने डब्यात घातलेले कळण्याच्या भाकरीचे दोन जास्तीचे तुकडेही नव्हते. शेवटी ती हसली. 'तुमच्या वहीतलं एवढंच खाल्लं असतं, तर तुम्ही मागच्याच महिन्यात चवळीच्या शेंगेसारख्या झाल्या असत्या.' बातमीदाराने अर्धीच बातमी आणली तर मी त्याला जिन्यावरून परत पाठवते. स्वतःच्या वहीत मी सहा आठवडे अर्धी बातमी छापत होते.

बसने घरी येताना मला तुम्ही दिसत होतात. गावात कोणाचंही कार्य असो, वाढायला आबा पाहिजेत. पत्रावळी मांडल्या आहेत, मी तुमच्या सांगण्यावरून पहिल्याच ओळीत बसले आहे, दहा-अकरा वर्षांची. तुम्ही तुपात तळलेल्या बट्ट्यांची टोपली कमरेवर घेऊन येता, मागून एक जण वरणाची बादली आणतो. प्रत्येकासमोर तुम्ही वाकता. समोरचा पत्रावळीवर हात आडवा धरतो आणि तुम्ही त्याच्या बोटांखालून बट्टी सरकवता. सगळे हसतात. पंगत उठायच्या आधी तुम्ही विचारता, 'बठ्ठा जेवनात का?' आणि लोक पोटावर हात फिरवून दाखवतात. एकदाच मी खरोखर हात धरला होता. पोट तट्ट झालं होतं. तुम्ही तिथेच थांबलात, आवाज न चढवता म्हणालात, 'ताटवर हात धरनारा मानूस माले आवडस नही.' मी हात काढला. त्या दिवसापासून मी कधी नको म्हटल्याचं मला आठवत नाही.

तुमच्या लहानपणी एक भाकरी चौघा भावंडांत व्हायची आणि सर्वांत धाकट्याला कडेचा तुकडा यायचा, हे आईने मला तुम्ही गेल्यानंतर सांगितलं. तुम्ही कधी बोलला नाहीत. मी तुम्हाला दोष द्यायला बसलेले नाही. समोरच्याचं पोट भरलेलं बघायची तुमची गरज मला आता समजते. पण माझा गुडघा माझ्या वजनाखाली झिजतो आहे आणि त्याला कारण सांगून चालत नाही.

येत्या रविवारी धुळ्याला भावाच्या नव्या घराची वास्तुशांत आहे. वरण-बट्टीच आहे. मी काल त्याला फोन करून सांगून टाकलं की दोन बट्ट्या, वर तूप नाही, आणि आग्रह करायचा नाही.

'मंग येवानंच कसाले?' तो म्हणाला. 'लोके काय म्हनतीन? आबाना पोऱ्या शे मी.'

'मी बी आबानीच पोर शे,' म्हटलं. 'दोन म्हणजे दोन.'

तो म्हणाला, 'बरं. पन मी टोपली लई येसू. मंग तू ना तुना हात.'

तर रविवारी तो टोपली घेऊन माझ्या पानासमोर येणार. दिवाळीला अजून चार महिने आहेत आणि सहा किलो उतरायचे आहेत. गेल्या आठवड्यात मी जिन्याच्या वळणावर न थांबता वर गेले, कठड्याला एकच हात लावून. खाली जाहिरातींच्या काउंटरचं ते टेबल अजून रिकामं आहे. मी त्याच्याकडे बघत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. घडी करून वहीत रविवारच्या पानावर ठेवते. त्या पानावर मी आधीच दोन रकाने आखलेत, घेतलेलं आणि वाढलेलं. एक गोष्ट मात्र राहिली. तुम्ही बट्टी घेऊन वाकायच्या आधीच माझा आडवा धरलेला हात पत्रावळीपासून बोटभर वर असायचा. बट्टी सरकेल एवढाच. तुम्ही मला बोललात त्या एका दिवशीच तो टेकलेला होता. बाकी सगळ्या पंगतींत, धरणगावच्या लग्नातसुद्धा, वाढणाऱ्याला वाट मीच करून दिली. हे मी त्या मुलीलाही सांगितलेलं नाही. सोमवारी वही दाखवताना सांगेन.