शनीच्या कड्यात राहिलेला भिवा

औरंगाबाद,
संक्रांतीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप मधुदादास अनंताचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे आणि वहिनींचा मोतीबिंदू दोन्ही ताब्यात असतील असे धरून लिहितो. नांदेडला थंडी असेलच, कानाला मफलर बांधत जा. आम्ही ठीक. पद्मजा माझ्याशी पुन्हा बोलू लागली आहे (का थांबली होती ते पुढे येते).

दादा, ऊर भरून सांगतो, 'प्रोफेसर धुरंधर विज्ञान-साहस माला' माझ्याकडे पूर्ण झाली. मराठवाड्यात आणखी कोणाकडे असेल तर त्याने पुढे यावे, मी त्याच्या पाया पडेन. पोलीस ॲक्शनने निजामी राजवट गेली, आपली वैजापूरची शाळा उर्दूची मराठी झाली आणि पुण्याहून पार्सलने ही पुस्तके यायला लागली, ते आठवते ना? अण्णा उर्दू फर्माने घडाघडा वाचत, पण रॉकेट म्हणजे काय ते तुलाच विचारत. मालेतले शेवटचे, 'शनीच्या कड्यातले कैदी', मात्र आपल्या घरी अर्धवटच राहिले. शेवटची पाने कामवाल्या सरूबाईने बंब पेटवायला घेतली (ती बिचारी म्हणाली, "पोथी नव्हती, मंग काय झालं?"). तेव्हा मी विषमज्वराने पडलेलो. डॉक्टरांनी आईला देवाचे नाव घ्यायला सांगितले होते. तू उशाशी बसून म्हणालास, "रडू नको, मी शेवट आधीच वाचलाय." मग सांगितलेस: इंधन घरी परतण्यापुरतेच उरलेले आणि नोकर भिवा कड्यातच राहिलेला. प्रोफेसर म्हणतात, "भिवाला सोडून पृथ्वीवर काय करायचं?" आणि रॉकेट मागे वळवतात. एवढे ऐकले की मला झोप लागायची. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा सांगायचास. ताप उतरेपर्यंत हेच चालले.

तर ते पुस्तक मला पडेगावच्या एका भंगारवाल्याकडे मिळाले. तो म्हणाला, "साब, ये तो बच्चों की किताब है. घर में बच्चे कित्ते?" म्हटले, एकच, तो तुझ्यासमोर उभा आहे. त्याला पैसे नको होते, रद्दी हवी होती. मी माळा रिकामा करून दिला. त्यात पद्मजाने लग्नापासून जमवलेले भरतकामाचे नमुने गेले. ती रिक्षाने जाऊन ते परत घेऊन आली आणि नंतर आठवडाभर घरात फक्त रेडिओ बोलत होता.

पुस्तक मी उघडले नाही, जुनी बांधणी तुटेल म्हणून. वाचनालयात प्रदर्शन मांडले, भाषण केले आणि शेवट (तुझा) असा रंगवून सांगितला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. अध्यक्ष आप्पासाहेब, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी कौतुकाने पुस्तक उचलले, शेवटचे पान काढले आणि मोठ्याने वाचले. प्रोफेसर आरामखुर्चीत जागे होतात, सारे स्वप्न असते आणि ते भिवाला चहा टाकायला सांगतात. सभागृह हसले. माझे कान तापले.

मग माझ्या ध्यानात आले. ती पाने तू कधी वाचलीच नव्हतीस. जेमतेम अकरा वर्षांचा तू, मी मरू नये म्हणून तिथल्या तिथे रॉकेट मागे वळवलेस. मी उठून म्हणालो, "आप्पासाहेबांनी वाचला तो छापील शेवट. मी सांगितला तो माझ्या दादाचा आहे." दादा, साऱ्या मालेचा मला अभिमान आहे, पण हे वाक्य बोलताना वाटला तेवढा कधी वाटला नव्हता.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंता

ता. क. : टाळ्या थांबल्यावर मागून एका बाईंनी विचारले, "मग भिवा सापडला का?" हा प्रश्न मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. पुस्तकाच्या शेवटी कोरी पाने शिवून घेतली आहेत. पुढच्या रविवारी वाचनालयात मुले जमणार आहेत, आणि तू येऊन सांगणार असे मी कबूल करून बसलो आहे.

पुन्हा ता. क. : आता आठवत नाही अशी सबब कळवू नकोस. तेव्हा तरी तू कुठे वाचले होतेस?