त्रिवेणी योजना, मुक्काम पंचगंगा घाट

४ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. वाचणारा मी एकटाच, त्यामुळे खोटं लिहायचं कारण नाही.

वस्तुस्थिती अशी. बनारसला बदली होऊन तीन वर्षं झाली. २८ फेब्रुवारीला बँकेतून रिटायर होतोय. बायको मृणालिनी सांगलीला, आईजवळ. आई माझी, वय शहाऐंशी. मृणालिनी म्हणते, रिटायर झालात की सरळ घरी या. मला इथेच राहायचंय, तिच्यासकट. तीन वर्षं एकट्याने जेवलो, आता पुरे. आईलाही आणू. काशीला यायला कुठलं म्हातारं माणूस नाही म्हणेल?

फोनवर एक व्हिडिओ पाहिला. परदेशातलं एक जोडपं. सकाळी म्युझियम, दुपारी रस्त्यावरचं खाणं, संध्याकाळी स्पिरिट टेस्टिंग, म्हणजे थोडी थोडी दारू चाखणं. एका दिवसात सगळं, आणि दोघंही शेवटपर्यंत हसताहेत. ठरवलं, हेच बनारसमध्ये करायचं. रिटायर झाल्यावर पर्यटकांना मी फिरवणार. पहिली पर्यटक मृणालिनी.

तिच्याशी फोनवर करार झाला. ती चार दिवस येईल. त्यातला एक दिवस मी दाखवीन. आवडला तर मुक्काम काशी. नाही आवडला तर मुक्काम सांगली, आणि पुन्हा विषय काढायचा नाही. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं. तिने अंगठा पाठवला. मी तो सही धरतो.

आतापर्यंत पाहिलेली म्युझियम: शून्य. म्हणजे मनात पूर्वग्रह नाहीत.

आजच सुरुवात केली. युनिव्हर्सिटीतलं भारत कला भवन. रविवारी बंद. जाताना कचोरी-जिलबी खाल्ली होती, त्यामुळे दिवस फुकट गेला असं म्हणता येणार नाही.

६ जानेवारी, मंगळवार

योजनेचं नाव ठरलं: त्रिवेणी. म्युझियम, खाणं, स्पिरिट.

घरमालकीण सीताकाकूंना सांगितलं, तिसरी नदी वगळून. यांचं घराणं सात पिढ्या पंचगंगा घाटावर. घरात मराठी अजून आहे, फक्त बरीचशी हिंदीत आहे. काकूंचं म्हणणं पडलं, त्रिवेणी तर प्रयागला आहे, ती इथे कशाला उचलून आणता, आमच्या घाटाखाली पाच नद्या पहिल्यापासून आहेतच. मी ब्रँडिंग म्हणजे काय ते समजावलं. त्या म्हणाल्या, ठीक आहे साहेब, आधी खाना खाऊन घ्या, थंड होऊन राहिला आहे.

तिसऱ्या नदीची अडचण आहे. या घरात कांदासुद्धा येत नाही. टेस्टिंगची सोय विष्णुच्या फ्लॅटवर केली. विष्णु आमच्या ब्रँचमधला क्लार्क, गाझीपूरचा. कामात मंद, पण याला लगेच हो म्हणाला.

८ जानेवारी, गुरुवार

पहिलं टेस्टिंग. साधन: खोकल्याच्या औषधाचं टोपण. दहा एम.एल. मी पीत नाही, चाखतो. हा फरक मृणालिनीला समजावता येईल.

माझी स्वतःची कल्पना अशी की प्रत्येक काळाला एक स्पिरिट जोडायचं. अशोकाच्या सिंहांना रम. मुघल चित्रांना ब्रँडी. इंग्रजांच्या वस्तूंना जिन. असं अजून कोणाला सुचलेलं दिसत नाही.

तज्ज्ञ लोक चाखून थुंकतात. बनारस या बाबतीत फार सोयीचं शहर आहे, इथे कोणाच्या थुंकण्याकडे कोणी मान वळवून बघत नाही. पण आज मला जमलं नाही. पुढच्या वेळी.

नोंदी. रम: उग्र. ब्रँडी: उग्र, पण वेगळी. जिन: अक्षर लागत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

हाफ डे घेऊन सारनाथ. डोकं जड होतं, तरी गेलो. म्युझियम शुक्रवारी बंद. विष्णुला फोन केला तर म्हणाला, सर, ते तर शुक्रवारी बंदच असतं. मग सांगितलं का नाहीस? तर म्हणे, आपण पूछलंच नाही. मला खूश करायला तो मधूनमधून असं मराठी बोलतो.

परतताना टोमॅटो चाट. गरम, आंबटगोड, वर तूप. मातीचे दोन कुल्हड. हा विभाग माझा पक्का होत चाललाय.

संकल्प: यापुढे आधी सुट्टीचा वार पाहायचा.

१७ जानेवारी, शनिवार

आज सुट्टीचा वार पाहून गेलो. रामनगरचा किल्ला. उघडा होता.

पण किल्ल्याच्या आधी लस्सीचं दुकान लागतं. एक घेतली. वर रबडी घालतात, त्यामुळे ती एक राहत नाही. मग दारासमोरच्या कट्ट्यावर ऊन छान होतं म्हणून जरा टेकलो. उठलो तेव्हा लोक बाहेर पडत होते आणि दार लावत होते. एका कुटुंबाला विचारलं, आत काय पाहिलंत. म्हणाले, जुन्या मोटारी, तलवारी, एक मोठं घड्याळ. हे सगळं लिहून घेतलं. म्हणजे माहितीच्या दृष्टीने रामनगर झालं.

संकल्प: आधी म्युझियम, मग खाणं. पँटचं वरचं बटण लागत नाही. थंडीने कापड आखडतं.

२० जानेवारी, मंगळवार

चार्ट तयार. एक्सेलमध्ये, चार रंगांत, ब्रँचच्या प्रिंटरवर. म्युझियमचे सुट्टीचे वार, दारूची दुकानं बंद असण्याचे दिवस, कचोरी किती वाजता संपते, चाट किती वाजता लागते. २६ ला झेंडावंदन, सगळंच बंद. शुक्रवारी सारनाथ नाही. रविवारी कला भवन नाही. मृणालिनी २७ ला येते, २८ ला प्रवासाने दमलेली असणार, ३१ ला जाते. सगळं जुळतं असा एकच दिवस निघाला: गुरुवार, २९ जानेवारी. एवढ्या बारकाईने बनारसचा अभ्यास कोणी केला नसेल.

खोलीत खिळा एकच आहे. त्यावर मृणालिनीने पाठवलेलं कॅलेंडर होतं. चार्ट त्याच्यावरच टांगला. तारखा दोन्हींत त्याच आहेत.

काकू चहा घेऊन आल्या. चार्ट वाचला. म्हणाल्या, गुरुवारी? पक्कं? मी म्हटलं, शंभर टक्के. त्या म्हणाल्या, बघून घ्या, आम्ही काय बोलणार. जुन्या लोकांना कॉम्प्युटरचं दडपण येतं.

२४ जानेवारी, शनिवार

विष्णुकडे रंगीत तालीम. आज थुंकलो. विष्णुच्या बाल्कनीतून. खालच्या मजल्यावर धुणं वाळत होतं, हे नंतर कळलं. खाली जाऊन माफी मागितली. त्या बाई बराच वेळ बोलत होत्या, भोजपुरीत. सूर कळला.

पोट तीन दिवस बरं नाही. इसबगोल चालू. हे पाण्याच्या बदलामुळे होतं. तीन वर्षांनी का होईना, होतं.

२७ जानेवारी, मंगळवार

मृणालिनी आली. आईला चार दिवस माझ्या बहिणीकडे ठेवलंय. स्टेशनवर तिला लांबून पाहिलं आणि फार बरं वाटलं. ती म्हणाली, तुम्ही सुजला आहात का?

गल्ल्यांतून सामान घेऊन चालत आलो. टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, आत येत नाही. ती दर दहा पावलांवर थांबून काहीतरी बघत होती. एका दारावरचं रंगवलेलं लग्नाचं चित्र बघत इतका वेळ उभी राहिली की मागे म्हैस येऊन थांबली. वेळेचं भान कमी आहे. गुरुवारी लक्ष ठेवावं लागेल.

काकूंशी पाच मिनिटांत गट्टी. दोघी स्वयंपाकघरात. माझ्याशी काकू तीन वर्षांत बोलल्या नसतील एवढं बोलल्या.

२८ जानेवारी, बुधवार

उद्याची सगळी तयारी. रात्री पाणी प्यायला गेलो तर ओट्यावर साबुदाणा भिजत घातलेला. काकूंचे कसले ना कसले उपास असतातच.

२९ जानेवारी, गुरुवार

सकाळी ६.५०. निघतोय. मफलर, चार्टची प्रत, टोपण.

सकाळी ७.३०. कचोरीच्या दुकानासमोर. दोन प्लेट सांगितल्या. मृणालिनी म्हणाली, आज एकादशी आहे. मी विचारलं, तू एकादशी कधीपासून करायला लागलीस? ती म्हणाली, लग्नाच्या आधीपासून. लग्नाला एकतीस वर्षं झाली.

दोन्ही प्लेट मी खाल्ल्या. अन्न टाकू नये.

सकाळी ८.१५. मलइयो. दुधाचा फेस, केशर घातलेला, उपासाला चालतो. तिने दोन कुल्हड घेतले. आवडला म्हणाली. योजनेला पहिला गुण.

सकाळी ९.३०. चुडा-मटार, म्हणजे मटार घातलेले पोहे, चार्टवर होतं. तिच्या वाटचंही मीच संपवलं. जिलबी चार्टवर नव्हती.

सकाळी १०.४५. भारत कला भवन. उघडं आहे. पोट दगडासारखं. तिला म्हटलं, तू हो पुढे, मी पाच मिनिटांत आलोच.

दुपारी ३.४०. पाच मिनिटं जरा लांबली. बाकावर जाग आली तेव्हा मृणालिनी शेजारी बसली होती आणि तिची शाल माझ्या अंगावर होती. किती वेळ बसली होती विचारलं नाही.

म्हणाली, लघुचित्रांसमोरून हलवेना. एका बाईच्या ओढणीतून मागचा हात दिसतो, तो कसा रंगवला असेल ते बघत अर्धा तास उभी होती. हवेत बोट फिरवून मला रेषा काढून दाखवत होती. पस्तीस वर्षं तिने शाळेत ड्रॉइंग शिकवलं. हे मला अर्थात माहीत होतं, पण त्या वेळी डोक्यात नव्हतं. तिला इतकं बोलताना फार वर्षांत ऐकलं नव्हतं. मुघलांना ब्रँडी का, ते सांगायचं राहून गेलं.

मग तिने विचारलं, तुम्हाला त्यातलं कुठलं चित्र आवडतं? मी म्हणालो, सगळीच. ती म्हणाली, कुठल्या मजल्यावर आहेत ती? मी म्हणालो, वरच्या. तिने मान हलवली. वर मजला आहे की नाही, हे आता कोणाला विचारणार.

संध्याकाळी ६.००. टोमॅटो चाट, दोन कुल्हड, दोन्ही मी. विष्णुचा फोन. आज एकादशी, गाझीपूरहून आई आली आहे, बाटल्या माळ्यावर टाकल्या आहेत. त्याला वाटलं मला माहीत असेल. तिसरी नदी रद्द.

संध्याकाळी ७.३०. खोलीत आल्यावर चार्ट उचलून मागे पाहिलं. कॅलेंडरवर २९ च्या चौकोनात एकादशी असं छापलेलं आहे. त्याभोवती मृणालिनीने स्वतः पेनने गोल केलाय. वर्षभराच्या सगळ्या एकादश्यांना केलाय. कॅलेंडर पाठवण्याआधी बसून केले असणार.

काकूंनी साबुदाण्याची खिचडी दिली. ती मात्र खाल्ली नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

सकाळी आठला निकाल लागला. मृणालिनी म्हणाली, दिवस फार आवडला. बनारसला राहायचं ठरवलं.

योजना यशस्वी. माणसाने धीर सोडू नये. आनंद झाला, अगदी मनापासून. घाटावर तीनदा खाली जाऊन वर आलो, धाप लागली तरी. संध्याकाळी आईला कसं आणायचं ते काढलं. विमान, व्हीलचेअर, खालची खोली.

३१ जानेवारी, शनिवार

थोडा तपशील राहिला होता.

मृणालिनी १ मार्चपासून या खोलीत राहणार. काकूंशी बोलणं झालंय. काकूंचा मुलगा ढुंढिराज ज्या शाळेत शिकवतो तिथे ड्रॉइंगच्या बाई हव्या आहेत, सकाळी दोन तास. नंतर ती कला भवनात जाऊन बसणार. त्या ओढणीची नक्कल करायची आहे, वर्ष लागेल म्हणाली.

मी म्हटलं, उत्तम, आणि आई खालच्या खोलीत. ती म्हणाली, आई सांगलीतून हलणार नाहीत, त्यांना कालच फोनवर विचारलं. त्यांना मुलगा घरी हवाय.

मी कराराची आठवण दिली. तिने फोन काढून माझाच मेसेज वाचून दाखवला. आवडला तर मुक्काम काशी. कोणाचा, ते लिहिलेलं नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली आणि कागदावर पार्टीचं नाव घातलं नाही.

ती चिडलेली नव्हती. तेच जास्त अवघड गेलं. म्हणाली, तीन वर्षं आईंच्या गोळ्या, आईंचं पथ्य, आईंच्या रात्री मी पाहिल्या. तक्रार केली नाही, कारण तुमची नोकरी होती. आता नोकरी नाही. पुढची तीन वर्षं तुमची.

तिला गाडीत बसवून आलो. गोळ्यांची यादी तिने माझ्या खिशात घातली होती. दोन्ही बाजूंनी लिहिलेली आहे.

८ मार्च, रविवार, सांगली

आठवा दिवस. आईच्या गोळ्या सकाळी पाच, दुपारी दोन, रात्री चार. काल दुपारच्या सकाळी दिल्या. आईनेच पकडलं. आजपासून चार्ट करणार होतो, पण नको.

भात जमतो. आमटी पातळ होते. घर दोन खोल्यांचं आहे आणि तरी मोठं वाटतं. मृणालिनीची फार आठवण येते. हे कोणाला सांगण्यासारखं नाही म्हणून इथे लिहितो.

संध्याकाळी आईने विचारलं, तीन वर्षं काशीत होतास, काय काय पाहिलंस ते सांग. मी सांगायला लागलो. कचोरी सांगितली, चाट सांगितली, रामनगरचं घड्याळ सांगितलं. ते कसं आहे म्हणाली. मोठं आहे म्हणालो. दोन मिनिटांत संपलं. आई वाट बघत होती.

मग मृणालिनीला फोन लावला आणि विचारलं, आज काय पाहिलंस. हा प्रश्न मी तिला पूर्वी कधी विचारला होता का, ते आठवेना. फोन स्पीकरवर ठेवला. ती पाऊण तास बोलली. मध्ये एकदा मी काशीबद्दल थोडी माहिती द्यायला गेलो, तर आईने मला गप्प बसायला सांगितलं.