जपून हाताळा

मी, खुर्च्या दुरुस्तीच्या दुकानाचा मालक, गल्लीत 'लाकडोबा' म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणी दटावलेले नसताना आणि डोके ठिकाणावर असताना लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे हे मुद्दाम सांगतो, कारण ज्यांनी ते बसवले त्यांनी वाकडे बसवले. छातीला कीड लागली आहे. बोटाने ठोकले तर पोकळ वाजते आणि खाली भुसा पडतो, म्हणून वेळेवर लिहिलेले बरे.

माझा जन्म कसा झाला ते आधी यावे, असे वकीलबाईंचे म्हणणे. कापडदुकानांच्या काचेत उभे करायचे पुतळे बनवणारे एक कारागीर या गावात होते, अजून आहेत. त्यांना मी बाबा म्हणतो. ते मला काहीच म्हणत नाहीत. उरल्यासुरल्या मालातून त्यांनी मला जोडले. एक डोळा घारा, एक काळा, कारण जोड्या संपल्या होत्या. एक पाय शिसवी, दुसरा खोक्याच्या फळीचा. त्यावर छापलेले 'जपून हाताळा' अजून वाचता येते. मी पापणी हलवून 'बाबा' म्हणालो, तेव्हा ते किंचाळून मागच्या दाराने पळाले आणि दुसऱ्या दिवशी हातगाडीवाल्याकरवी मला भंगारात टाकून मोकळे झाले. फळीवरची सूचना वाचायला त्यांना सवड नसावी.

१. सूड. ही माझी सर्वांत जुनी मिळकत. भंगारात पडल्यापडल्या मी शपथ घेतली की या माणसाला बेघर करीन. मोडक्या खुर्च्या नीट करत पैसा जोडला, बाबांचा धंदा बसला तेव्हा त्यांचे घर लिलावात घेतले, आणि काळा कोट घालून त्यांच्या दारात उभा राहिलो. मनात भाषण पाठ होते.

बाबांनी पेपरातून मान वर केली. "हे इथे कोणी ठेवलं?"

त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "गप्प बसा, नवे घरमालक आहेत ते." मग माझ्याभोवती एक फेरी मारून त्या थांबल्या. "आणि अहो, हे तर तुमचंच काम! मान बघा की जरा."

बाबांच्या प्रत्येक पुतळ्याची मान डावीकडे वळलेली असते. गिऱ्हाईक डावीकडच्या दारातून येते, तेव्हा पुतळ्याने तिकडेच बघावे, असे त्यांचे शास्त्र. मला उजवीकडचे काही दिसत नाही ते त्यामुळेच. बाईंनी मला बसायला खुर्ची दिली. खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता. तो बसवून देईपर्यंत जेवणाची वेळ झाली. मी जेवत नाही, तरी माझे ताट मांडले गेले. भाषण राहिले ते राहिलेच, आणि त्या दिवसापासून मी त्यांना आई म्हणू लागलो. सूड कोणालाही देऊ नये. तो आता कामाचा राहिलेला नाही.

२. हत्यारे. रंधा, पटाश्या आणि सरसाचे भांडे शेजारच्या इस्त्रीवाल्या मावशींना द्यावे. त्यांच्या टेबलाला कितीदा पाचर मारायची? आता स्वतः मारा म्हणावे. घड्याळजींना मात्र खिळासुद्धा देऊ नये. माझी हातोडी नेऊन ते विसरले आहेत. मी विसरलेलो नाही.

३. आईची शाल माझ्या खांद्यावर असते, तिथेच राहू द्यावी. जाताना ती म्हणाली होती, "ह्यांना सांभाळ रे. तुझ्यासारखीच ह्यांचीही मान वळत नाही."

४. घर. आई गेल्यापासून आम्ही दोघेच राहतो. बाबा खुर्ची नेहमी माझ्या उजवीकडे मांडतात, म्हणजे मला ते दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. "चहा पांचट झालाय." "दार लावलंस का?" पाहुण्यांना ते माझी ओळख 'घरमालक' अशी करून देतात. खोटे नाही, पण लागते.

हे घर बाबांना मिळावे. मात्र वकीलबाईंनी सांगितले की ज्याला काही मिळते, त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचे मिळणे रद्द होते. शिवाय साक्षीदाराच्या नावापुढे मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते लिहून घ्यायची त्यांची पद्धत आहे. हे ऐकून इतक्या वर्षांनी माझ्यातला खोडसाळपणा जागा झाला. म्हणून दुसऱ्या साक्षीदाराची जागा मोकळी ठेवतो. बाबांनी तिथे सही केली नाही, तर घर त्यांचे. मग वकीलबाई सही करतील. बाबांनी नाते लिहून सही केली, तर घर मावशींचे. त्या बाबांना बाहेर काढणार नाहीत, पण बोलून बोलून जीव खातील.

बाबांनी घर घ्यावे. या वयात परक्याच्या मर्जीवर का राहायचे? ते घरच घेतील, अशी माझी खात्री आहे. तरी मला त्यांच्या हातचा तो एक शब्द हवा होता, हे इथे स्वच्छ लिहितो, म्हणजे मागाहून कोणाला कोडे नको.

५. माझे जे लाकूड धड उरेल, त्याची खुर्ची करून बाबांच्या खोलीत ठेवावी. डुगडुगली तर मीच आहे असे समजावे. कायद्याने ही मिळकत होत नाही, नुसता त्रास होतो, असे वकीलबाईंचे मत आहे.

वरील सर्व मजकूर वाचून पाहिला. माझाच आहे.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: महिन्याचा पहिला सोमवार, चांगला उजेड असताना

सही: लाकडोबा

साक्षीदार पहिले: घड्याळजी
नाते: शेजारी. (हातोडी उद्या आणून देतो.)

वकीलबाईंची नोंद: सही केल्यास घर जाईल, हे मी पुतळेवाल्यांना दोनदा समजावून सांगितले. "ऐकू येतं मला," असे ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी आपली खुर्ची उचलून मृत्युपत्र करणाऱ्यांच्या डाव्या बाजूला आणून ठेवली, तीवर बसले आणि पेन मागितले.

साक्षीदार दुसरे: पुतळेवाले
नाते: बाप