चौथ्याची खुर्ची

देवास, ७ नोव्हेंबर १९५१
धारहून इंदूर, इंदूरहून देवास. मोटारीने हाडं खिळखिळी केली, पण मन खूश. टांगेवाल्याने "उतरो भिया, टेकडी आ गई" म्हणत दारात सोडलं. संस्थानं गेली तेव्हापासून राजेलोकांच्या मिशा रंगवायचं माझं काम बुडालंय. देवासात तर एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन राजे, म्हणजे बुडालेलं गिऱ्हाईकही दुप्पट. आता हंबीरराव या निवृत्त अंमलदारांना आपल्या सहलींचे फोटो तैलरंगात हवेत, दिवाणखान्यात ओळीने लावायला. घरात माणसं तीनच: ते, पत्नी सुभद्राबाई आणि बहीण मालनताई. स्वभावाने गोड, भाजीतही गूळ. घरून निघताना बायकोला, विनोदिनीला, शब्द दिलाय, चित्रं संपोत न संपोत, आठ दिवसांत घरी.

फोटोंत एक गंमत सापडली. तिघांनी प्रवासाला निघू नये म्हणून लोक एक खडा चौथा धरून बरोबर नेतात, तसा यांनीही नेलाय. पण यांचा खडा नारळाएवढा, कुंकू लावलेला, आणि फोटोत त्याला स्वतंत्र खुर्ची! दरबारात मला कधी स्टूलही मिळालं नाही.

९ नोव्हेंबर
मांडूचं चित्र पुरं. दगड आणि खुर्ची, दोन्ही उडवली. चित्रात धोंड्याला सोबत म्हणून बसवायचं, तर माणसांनी काय करायचं? तिघंही चित्रासमोर येऊन उभी राहिली. मालनताई म्हणाल्या, अगंबाई, तिघांनाच धाडलंत की हो मांडूला! मी म्हटलं, अहो, तुम्ही तर केव्हाच सुखरूप परत आलात. हंबीरराव म्हणाले, चौघे होतो म्हणून आलो. आता चौथा बघायला हवा.
कोणी रागावलं नाही. उलट सुभद्राबाईंनी शिरा दोनदा वाढला. गिऱ्हाइकाच्या रागाला मी भीत नाही, आग्रहाला भितो.

११ नोव्हेंबर
नर्मदाकाठच्या नेमावर गावचा फोटो चित्रासाठी बाहेर काढला. घाटावरच्या खुर्चीत दगड नाही. पाठमोरा माणूस बसलाय. भिंग लावलं, नखाने खरवडलं. वरून रंगवलेलं नाही, छपाईच तशी. हंबीररावांनी दुसरी प्रत आणून ठेवली असणार. पण मांडू, सतवास, सगळ्याच फोटोंत तो बसलाय. थट्टेसाठी एवढी मेहनत कोण करतं? आणि अंमलदार तर मुळीच करत नाहीत.

१२ नोव्हेंबर
माणूस थोडा वळलाय. कोटाच्या कोपराला ठिगळ आहे. विनोदिनीचे वाकडे टाके मी कुठेही ओळखेन.
जेवताना सरळ विचारलं. तिघंही हसली. हंबीरराव म्हणाले, अहो, तुम्हीच की ते! सुभद्राबाई म्हणाल्या, भावोजी, मांडूच्या घाटात तुम्हाला गाडी लागली होती, एवढ्यात विसरलात?
कालपर्यंत मी चित्रकारसाहेब होतो.

१३ नोव्हेंबर
ट्रंक भरून मोटारस्टँडवर गेलो. कंडक्टरने विचारलं, बाकी के तीन कहाँ रह गए, भिया? चौघांच्या जागा धरल्यात म्हणे, एकट्याला बसवायचं नाही असं सांगून ठेवलंय. वळून पाहिलं तर मागे हंबीरराव. हसत.
परत आलो. मांडूच्या चित्रात दगड रंगवला. खुर्चीसकट, कुंकवासकट, हात जोडून. घ्या तुमचा चौथा, सोडा मला. रंग ओला असतानाच दगडाला गुडघे आले — मग हात — बोटांवर रंगाचे डाग. माझे हात.

१४ नोव्हेंबर
नेमावर आठवतंय. नर्मदेचं गार पाणी, वहिनींच्या दशम्या — पण मी नेमावरला कधी गेलो नव्हतो. नव्हतो ना?
धारच्या घराचं दार कोणत्या बाजूला —

१६ नोव्हेंबर
दाराशी एक बाई आलीय. धारहून. नवऱ्याने परत येतो म्हटलं होतं, आला नाही, म्हणते. आवाज ओळखीचा — फार ओळखीचा. दादा नम्रपणे सांगताहेत, असं कोणी इथे आलं नाही, घरात आम्ही चौघंच.
ती आत आली. माझ्याकडे पाहिलं. पदर सावरला, परक्यासमोर सावरतात तसा.
निघालीय. हाक मारली तर ओळखेल — तोंडातून आवाज फुटत नाही. लिहून दाखवतो. तिचं नाव लिहिलं की पुरे. मोठ्या अक्षरात. तिचं नाव —