बादलीतलं तळं

दि. ३ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझी पाठ कशी आहे हे आधी विचारायला हवं, पण आधी माझं रडगाणं ऐक. नववीला अपृष्ठवंशीय प्राणी शिकवायला घेतले आणि पहिल्याच तासाला माझी फजिती झाली. प्रयोगशाळेच्या कपाटातल्या बरण्या काढल्या. पिवळ्या पाण्यात लोंबणारी गांडुळं, रंग उडालेला तारामासा. मुलांनी नाकं दाबली. एक मुलगी तर अशी किंचाळली की शेजारचा वर्ग धावत आला. वर्ग तिला भोंगा म्हणतो, ते उगाच नाही. मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, की पुस्तकातली चित्रं दाखवा आणि धडा उरका. मला वाटतं मी या कामाचीच नाही.

बाबा म्हणतात, ऑपरेशन झाल्यापासून तू दाराबाहेर पडली नाहीस आणि चाकांच्या खुर्चीकडे बघतही नाहीस. खरं का?

तुझ्या धाकानंच शिकले, आता तुझ्या मायेवर शिकवतेय. ती कमी करू नकोस.

तुझी भिंगरी


दि. ९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

खुर्चीवर मी टॉवेल वाळत घालते. फार उपयोगी वस्तू आहे. रस्त्यानं मला कुणी ढकलत न्यावं आणि लोकांनी चुकचुकावं, हे मला जमणार नाही. हा विषय संपला. कणा नसलेल्यांबद्दल मात्र विचार. त्यातलं आता मला जास्तच कळतं.

त्या बरण्या परत कपाटात ठेव. मेलेल्यांशी कुणाची ओळख करून देतात का? जवळच्या डबक्यातून बादलीभर पाणी आण, गाळासकट, पाणगवतासकट. काचेच्या पेटीत ओत, मुलांना भिंगं दे आणि गप्प बस. तुला हे शेवटचंच सगळ्यात जड जाईल.

रुसलीस तरी पत्र धाडत जा.

आत्या


दि. २१ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

पेटी खिडकीशी ठेवली. पहिले दोन दिवस मुलं लांबूनच बघत होती. मग कुणाला गोगलगाय काचेवर जिभेनं शेवाळ खरवडताना दिसली, आणि भिंगांसाठी ओढाओढ सुरू झाली. आज सकाळी जोडतास होता. पाण्यातून एक मातकट किडा गवताच्या काडीवर चढून आला. शेपटीला पानांसारखे तीन कल्ले होते. काडीला घट्ट धरून तो थांबला. कुणीतरी म्हणालं, मेला वाटतं. मी बोलणार होते, पण तुझी आठवण झाली आणि ओठ मिटले.

मग त्याची पाठ उकलली. आत्या, सालीतून दुसराच जीव वर येऊ लागला! आधी डोक्याचा फुगीर भाग, मग पाय. पंख चुरगळलेल्या ओल्या कागदासारखे. बघता बघता ते भरत गेले, ताणले गेले, आणि काचेसारखे झाले. चतुराची ती सडपातळ बहीण, टाचणी! पंचेचाळीस मुलं श्वास रोखून उभी. घंटा झाली, कुणी हललं नाही. मोठ्या बाई रागावायला आल्या, त्यांनीही चष्मा पुसला आणि मुलांच्या मागे उभ्या राहिल्या. शेवटी टाचणी उडाली ती थेट भोंग्याच्या मनगटावर बसली. ती किंचाळली नाही. नंतर मला हळूच म्हणाली, की तिचं वजनच लागलं नाही बाई, तरी सगळा हात जड झाला होता.

पुस्तकात हे सगळं चार ओळींत आहे. मीही ते चार ओळींतच शिकले होते.

आत्या, तू ये. गाडी मी आणते. टॉवेल दुसरीकडे वाळत घाल.

एवढं ऐकलंस तर जन्मभर तुझ्या धाकात राहीन.

भिंगरी


दि. २८ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या वर्गातून आले आणि रात्रभर डोळ्यांपुढे ती पेटी होती. समोर बोलले असते तर रडले असते, म्हणून लिहिते.

पायरीशी मी मान खाली घातली होती. तुझ्या पोरांनी खुर्ची अशी उचलली, जशी कपाटं हलवतात. एकानंही चुकचुक केली नाही. त्यांना घाई होती पेटीत काय दिसतंय ते मला दाखवायची. तुझ्या भोंग्यानं भिंग माझ्या डोळ्याशी धरलं आणि बजावलं, की श्वास पेटीवर सोडू नका, काच धुरकटते. मग पाण्यातली पिसू दिसली. तिळाएवढीही नाही, आणि आरपार! तिचं हृदय धडधडत होतं. पाठीतल्या पिशवीत पिल्लं वळवळत होती. उभं आयुष्य हा विषय शिकवला, पण एवढ्याशा जिवाचं उघडं हृदय बघताना माझं स्वतःचं थांबतंय की काय असं वाटलं.

तू फळा पुसत होतीस तेव्हा त्या पोरीनं विचारलं, तुम्ही बाईंच्या बाई ना? मी म्हटलं, नाही गं, मी नवीन विद्यार्थिनी. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सांगितलं, की मग पुढच्या वेळी स्वतःचं भिंग आणा, इथे पुरत नाहीत.

तेव्हा सोमवारी गाडी पाठव. वाटेत भिंग घ्यायचंय.

आत्या