बाईंची लास्ट वॉर्निंग

बाई,

आमच्या घराच्या वळणावर, जांभ्या दगडाच्या कुंपणाच्या गडग्यावर, कुणीतरी लाल रंगाने लिहिलंय : 'येथे कचरा टाकू नये. लास्ट वॉर्निंग.' चार वर्षं झाली. रंग उडाला की कुणीतरी पुन्हा गिरवतं आणि कचरा रोज त्या अक्षरांच्या खालीच पडतो. हे दोन इंग्रजी शब्द आता रत्नागिरीत सगळ्यांच्या तोंडी आहेत. पोराच्या हातातला मोबाईल ओढताना आई म्हणते, दारात लोंबकळणाऱ्याला एसटीचा कंडक्टर म्हणतो, सोसायटीच्या ग्रुपवर गाडी आडवी लावणाऱ्यासाठी आठवड्याला एकदा तरी येतात. म्हणणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही, की अजून बऱ्याच शिल्लक आहेत. मीही सर्रास म्हणते. पण गेल्या सोमवारी मी ते तुमच्यासारखे म्हटले, मनापासून, आणि आज फसले. म्हणून दुपारीच घरी येऊन तुम्हाला लिहायला बसलेय.

तुम्हाला आठवतं का, आपल्या आंब्याच्या कारखान्याचे शेठ दिवसातून किती वेळा लास्ट वॉर्निंग द्यायचे? उशिरा येणाऱ्या बायकांना, टोपी न घालणाऱ्यांना, फाटकातून आत शिरणाऱ्या कुत्र्यालासुद्धा. आंबे कापायच्या टेबलावर बायका एकमेकींना विचारायच्या, "काय गो, तुझी आज कितवी?" आणि बाठे बाजूला सारत खुसखुसायच्या. तुम्ही हसत नव्हतात आणि रागावतही नव्हतात. पावसहून पहिल्या गाडीने यायचात, पांढरा अ‍ॅप्रन चढवायचात आणि पहिल्या क्रेटपासून शेवटच्या डब्यापर्यंत फिरत राहायचात. कुणी चुकलं तर पहिल्यांदा सांगायचात. दुसऱ्यांदा चुकलं तर स्वतः शेजारी उभं राहून ते काम तिच्याबरोबर करायचात. तिसऱ्यांदा तिला एकटीला मागच्या पडवीत न्यायचात, आधी चहा द्यायचात आणि मग आवाज न चढवता ते दोन शब्द उच्चारायचात. त्यानंतर चौथी वेळ नसे. माझ्या समोर तुम्ही फक्त दोघींना काढलंत, आणि दोघींना दुसरीकडे काम मिळावं म्हणून स्वतः उन्हातून फिरलात.

त्या पडवीत मीही एकदा बसले. सीझनचा शेवट होता, मे महिन्याचे अखेरचे दिवस. त्या दिवसांत कॅनिंगचा आंबा कुणासाठी थांबत नाही, सकाळी पिवळा दिसलेला ढीग दुपारी काळा पडायला लागतो, त्यामुळे जिला दोन हात आहेत ती आंबे कापायला धावते. माझं काम उकळत्या पाण्याच्या टाकीवर होतं. सीलबंद डबे आत सोडायचे, ठरलेला वेळ ठेवायचे, दर पाच मिनिटांनी तापमानाचा काटा बघून नोंदवहीत आकडा लिहायचा. मी काय करायचे, तर टाकी लावली की पुढचे सगळे आकडे एकदम लिहून टाकायचे आणि कापायला पळायचे. मला वाटायचं मी जास्त काम करतेय. दोनदा तुम्ही सांगितलंत, समजावलंत. तिसऱ्यांदा वही उघडलीत तेव्हा पावणेतीनचा आकडा लिहिलेला होता आणि घड्याळात अडीच वाजले होते. तुम्ही म्हणालात, "डबा आतून कच्चा राहिला तर तो कुठेतरी लांब, कुणाच्या तरी पोराच्या ताटात फुटणार. तेव्हा तू तिथे नसशील. ही तुला लास्ट वॉर्निंग. आणि नीट ऐक गो, ही देताना मीपण बांधली गेले. तू पुन्हा केलंस तर तुला काढावंच लागेल, मग मला कितीही वाईट वाटो." शिक्षा होईल म्हणून घाबरवणारे मी पुष्कळ पाहिले होते. स्वतःलाच अडकवून घेणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

ते नुसतं बोलणं नव्हतं हे पुढच्याच वर्षी कळलं. कच्चा राहिलेला डबा काही दिवसांत फुगतो, म्हणून नवा माल गोदामात ठेवून, एकही डबा फुगला नाही हे पाहूनच बाहेर सोडायचा, हा तुमचा नियम. शेठनी एक दिवस मुदत संपायच्या आधीच टेम्पो फाटकात उभा केला. तुम्ही दोन वेळा नको म्हणालात. मला आजही तुमचा चेहरा दिसतो, तुम्ही त्यांच्या टेबलासमोर उभ्या आहात, मी दारात वह्या घेऊन, आणि तुम्ही म्हणताय, "शेठ, ही माझी लास्ट वॉर्निंग. माल गेला तर मी गेले." शेठ हसले. जाऊ द्या हो बाई म्हणाले आणि हमालांना हाक मारली. तुम्ही अ‍ॅप्रन काढलात, नीट घडी करून खुर्चीवर ठेवलात आणि टळटळीत उन्हात एसटीच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिलात. घरात तुम्ही एकट्या कमावणाऱ्या होतात. टेबलावरच्या सगळ्या सुऱ्या थांबल्या होत्या. पाऊण तासाने शेठ स्वतः स्कूटर घेऊन थांब्यावर आले, टेम्पो रिकामा परत गेला. तुम्ही येऊन पुन्हा अ‍ॅप्रन बांधलात आणि पहिल्या क्रेटकडे गेलात. मला तुमचा इतका अभिमान वाटला की घरी जाऊन आईला सांगताना रडू आलं.

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. आता तुमच्या जागेवर मी आहे आणि टाकीवर एक चोवीस वर्षांची मुलगी आहे. चटपटीत, बारावी झालेली, घरात तीच मोठी, धाकट्या दोघांची शाळा तिच्यावर. तीही आकडे आधी लिहिते. मी दोनदा सांगितलं, शेजारी उभी राहिले, आणि सोमवारी पडवीत चहा देऊन शब्दन् शब्द तुमचाच वापरला. आज लाईट गेली, जनरेटर सुरू होईतो रस सांडायला लागला, ती तिकडे धावली आणि परत येऊन तिने न बघितलेले दोन आकडे लिहिले. मला पत्ताही लागला नसता. पण दहा मिनिटांत ती स्वतः माझ्यासमोर आली, वही पुढे केली आणि म्हणाली, "मॅडम, हे दोन मी बघून नाय लिहिलेले. डबे बाजूला काढलेत. आता मी घरी जाऊ का?" तिने पिशवी खांद्याला लावलेलीच होती.

तिला काढलं नाही. टाकीवरून हलवते, उद्या आंबे निवडायला ये, असं सांगितलं. आता सगळ्या बायकांना कळेल की माझी लास्ट वॉर्निंगही गडग्यावरच्यासारखीच आहे. शब्द दिल्यावर तुम्ही मागे फिरला नसतात, हे मला माहीत आहे.

पण बाई, ऐका. तुमच्या त्या चहानंतर आठच दिवसांनी मीही पुन्हा एकदा तेच केलं होतं. तीन आकडे, न बघता. आणि मी कुणालाही सांगितलं नाही. तो माल गोदामात होता तोवर रोज सकाळी तुमच्या आधी येऊन मी एकेका डब्याचं झाकण अंगठ्याने दाबून बघत होते. एकही फुगला नाही. तुम्ही मला तिथे पाहिलंत, तुम्हाला वाटलं पोरगी सुधारली, आणि त्याच पावसाळ्यात तुम्ही शेठना सांगितलंत की माझ्यानंतर हिला घ्या. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच हे लिहिता आलं. तुम्ही असतात तर आज तिला घरी पाठवलं असतंत, आणि मला ठेवलं असतंत.