दुर्गेशचा पुतळा आणि माझे नाक

मी, चारुशीला बाबाराव तितरमारे, वय बासष्ट, धंदा ब्युटी पार्लर (आता फक्त जुन्या गिऱ्हाइकांपुरता), राहणार प्रताप नगर, नागपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझी धाकटी बहीण कामिनी नुसत्या माझ्या शब्दावर तसे मानणार नाही.

माझे लग्न झालेले नाही, मूलबाळ नाही, आईवडील वारले. भाऊ दुर्गेश सैन्यात होता, तो चोवीस वर्षांचा असताना गेला. मौजा बोरडोह, तालुका कुही येथे आमच्या जुन्या घरापुढची मोकळी जागा माझ्या नावावर आहे आणि तिच्यावर त्याचा पुतळा उभा आहे. गावच्या स्मारक समितीला तो काढून नवा बसवायचा आहे. मी जिवंत आहे तोवर ते मला घाबरून आहेत. पुढची खात्री नाही, म्हणून हा कागद.

१) प्रताप नगरचा फ्लॅट कामिनीला. त्यातला लोखंडी कूलरही तिलाच, पण तो भंगारात द्यायचा नाही. दुर्गेश उन्हाळ्यात फरशीवर पाणी ओतून त्याच्या तोंडाशी झोपायचा आणि आम्हा बहिणींना वाऱ्याची झुळूकही लागू द्यायचा नाही. असा मुलगा बर्फात जाऊन मेला. शेवटच्या सुट्टीत म्हणाला होता, "ताई, तिकडं कूलर लागतच नाही वं." तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता ते वाक्य आठवले की मे महिन्यातसुद्धा कूलर बंद करून बसते, आणि मग घामाघूम होऊन स्वतःलाच शिव्या देत पुन्हा लावते.

२) पार्लरच्या खुर्च्या, वाफेचे मशीन आणि मोठा आरसा पायलला. माझ्यासोबत काम करता करता तिची मुले कॉलेजात गेली. पार्लरचे नाव बदलायची तिला मुभा आहे. आलेल्या प्रत्येक स्थळाने जिला नाकारले, तिने दुसऱ्यांना सुंदर करायचे दुकान काढावे, यावर प्रताप नगर बरीच वर्षे हसले. मीही हसले. हसणाऱ्या बायका पुढे गिऱ्हाइके झाल्या.

३) माझा हातातला पितळी आरसा आत्या यमुताईच्या मुलांना. स्थळ परत गेले की यमुताई माझ्या देखत आईला म्हणायची, "वहिनी, पोरीचं तोंडच मर्दानी आहे, तुम्ही तरी काय करान?" मी तिच्यावर आयुष्यभर डूख धरला. पण तिचे म्हणणे खरे ठरले, हे खाली येईलच. आता ती नाही. आरसा देऊन मी हे भांडण माझ्याकडून मिटवते.

४) आता पुतळा. दुर्गेशचा एकच फोटो घरी होता, गणवेशातला. तो गेल्यावर आईने तो देवघरात ठेवला आणि आंघोळ झाली की ओल्या बोटाने त्याला कुंकू लावू लागली. आम्ही कोणी तिला अडवले नाही. कोण अडवणार? काही वर्षांत काच फुटली, कुंकू आत उतरले आणि खांद्याच्या वर नुसता लाल डाग उरला. गावाने पुतळा करायचे ठरवले तेव्हा नागपूरच्या चितार ओळीतले मूर्तिकार तो फोटो हातात घेऊन आमच्या ओसरीवर बसले आणि म्हणाले, "यात तर कुंकूच दिसून राहिलं, माय. चेहरा कुठून आणू?"

आई म्हणाली, "हिचं तोंड घ्या ना गा. दोघं एकाच पोटचे."

दुर्गेश वडिलांवर गेला होता. त्याचे नाक सरळ होते, कान बाहेर आलेले, आणि पुढच्या दातात फट. माझे नाक सगळ्यांना माहीत आहे. तरी मी चितार ओळीत जाऊन ताठ बसले. तेव्हाचे सरपंच बळीरामभाऊ म्हणाले, "जवानाले मिशी पाह्यजे." म्हणून मिशी चढली. अख्ख्या प्रताप नगराच्या ओठांवरची लव मी दोऱ्याने काढली, पण माझ्याच तोंडावरची ही सिमेंटची मिशी मला काढता आली नाही.

अनावरणाला लोक म्हणाले, काय रुबाबदार चेहरा आहे! ज्या घराने मला सगळ्यात आधी नाकारले होते, त्या घरच्या माणसाने पुतळ्याला कडक सलाम ठोकला. मी पदर तोंडात कोंबून हसत होते. मग आई पुढे गेली. तिने पुतळ्याच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हाच माहा दुर्गेश." माझे हसू तिथेच थांबले. आई असेपर्यंत मी याबद्दल ब्र काढला नाही.

आता बळीरामभाऊ समितीचे अध्यक्ष आहेत. मागच्या महिन्यात येऊन म्हणाले, "ताई, फायबरचा पुतळा सांगून राहिलो, आठ फुटाचा. हातात बंदूक, चेहरा एकदम सिनेमावानी."

"कोणाचा चेहरा?"

"शहिदाचा."

"कोणत्या?"

"तसं काई नाई. क्याटलॉगमधला हाय."

हेच बळीरामभाऊ दर पंधरा ऑगस्टला भाषणात सांगतात की दुर्गेशने कितीतरी शत्रू लोळवले. तो वरच्या चौकीवर रॉकेलचे डबे पोचवत होता. हिमकडा कोसळला. वरच्यांना शेगडी पेटवता यावी म्हणून गेला आणि त्यात गेला. मला त्याचा अभिमान वाटायला एवढे पुरते.

ही जागा मी कामिनीची मुलगी गुंजन हिला देते. माझी शिल्लकही तिलाच. ती मिहानमध्ये नोकरी करते आणि वाद घालण्यात आम्हा सगळ्यांना भारी आहे. ती म्हणाली, "मावशी, चेहरा तर चुकीचाच आहे न? मग काहून जपायचा? बदलू दे न त्यायले."

गुंजन, उत्तर इथे लिहिते. मी सीताबर्डीला पार्लरचा कोर्स करत होते तेव्हा सरावाला कोणी भुवया देईना. दुर्गेश सुट्टीवर आला होता, त्याला धरून बसवले. दोऱ्याच्या प्रत्येक ओढीला तो कोकरासारखा ओरडला. परत गेला तर सुभेदाराने त्याला हिरोईन म्हटले आणि तेच नाव पडले. शेवटच्या सुट्टीत मात्र स्वतःच खुर्ची ओढून बसला. "कर वं ताई. पोट्टे वाट पाहून राहिले माह्या भुवयांची." त्या भुवया घेऊनच तो गेला. मूर्तिकाराने माझ्या भुवया जशाच्या तशा उतरवल्या. त्याही मीच कोरलेल्या, आणि मला एकच वळण जमत होते. त्या पुतळ्यात तेवढे त्याचे आहे.

म्हणून अट अशी: पुतळा हलवायचा नाही, बदलायचा नाही, जागा विकायची नाही. मिशी तेवढी माझ्या शिलकीतून तासून घ्यावी. दर राखीला स्टुलावर चढून मनगटाला राखी बांधावी आणि भुवयांवरची कबुतरांची घाण ओल्या फडक्याने पुसावी. मी हे दर वर्षी करते. स्वतःच्याच तोंडाला ओवाळणारी कुही तालुक्यातली मी एकटीच असेन.

५) माझा फोटो भिंतीवर लावू नये. लावलाच तर कुंकू लावू नये.

६) शेवटचे. बोरडोहच्या शाळेत दुर्गेश खोड्या करायचा आणि अंगठे धरून मी उभी राहायचे. गुरुजी विचारायचे, "कोणी केलं, नाव सांग." मी कधी सांगितले नाही. आताही त्याच्या जागी मीच उभी आहे, आणि मेल्यावरही उभी राहीन. मला सवय आहे. पण गुंजन, येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारले की हा कोण, तर या वेळी त्याचे नाव सांगायचे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला, दोन ठिकाणी हसले, एका ठिकाणी थांबले आणि मग सही केली.

सही: चारुशीला बाबाराव तितरमारे

आमच्या देखत सही झाली. बाई पूर्ण शुद्धीवर होत्या व आम्हाला चहा देत होत्या.

साक्षीदार १: नागसेन मेश्राम, शेजारी, प्रताप नगर
साक्षीदार २: मयुरा डहाके, जुने गिऱ्हाईक, प्रताप नगर

स्थळ: नागपूर
दिनांक: ८ ऑगस्ट २०२५, राखीचा आदला दिवस